संस्थापकांच्या पश्चात् : कोसबाडच्या टेकडीवरील सेवाकार्याची परंपरा

लोकसेवेच्या कार्याचा आरंभ बहुधा एखाद्या व्यक्तीच्या तळमळीतून होतो. त्या व्यक्तीची निष्ठा, तिने जोडलेली माणसे व तिच्या शब्दास समाजात असलेले वजन यांच्या बळावर संस्था उभी राहते, देणग्या मिळतात, कार्यकर्ते गोळा होतात. परंतु मनुष्याचे आयुष्य मर्यादित आहे. आणि ज्या दैन्याच्या निवारणासाठी संस्था निघालेली असते, ते दैन्य एका आयुष्यात संपणारे नसते. म्हणून संस्थापकाच्या निधनानंतर त्याने आरंभिलेल्या कार्याचे काय होते, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

मठ व देवस्थाने यांना या बाबतीत काही आधार असतो. तेथे गुरुशिष्यपरंपरा असते, गादी असते, नित्यनैमित्तिक उपासनेचा ठरलेला क्रम असतो आणि पिढ्यान्पिढ्या जोडलेला भक्तसमुदाय असतो. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या लहानशा सेवासंस्थेस यांपैकी काहीही नसते. तिचा संस्थापक गेला म्हणजे दोन संकटे उद्भवतात. एक तर कार्य त्याच्याबरोबरच ओसरते. अथवा कार्य नावापुरते उरून त्याचे रूपांतर स्मारकात होते. तसबिरीस हार चढतो, पुण्यतिथीस भाषणे होतात आणि ज्यांच्यासाठी संस्था निघाली ती माणसे मात्र दाराबाहेरच राहतात. या दोन्ही संकटांतून पार पडलेल्या संस्था थोड्या आहेत. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे २०१४ सालापासूनच्या पालघर जिल्ह्याच्या, डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील ग्राम बाल शिक्षा केंद्र हे त्यांपैकी एक होय. ताराबाई मोडक यांनी ते स्थापिले व अनुताई वाघ यांनी ते त्यांच्या पश्चात् चालविले. त्या हस्तांतराचा इतिहास लोकसेवेत रस घेणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

भावनगरचा उगम

या कार्याचा उगम कोसबाडपासून दूर, सौराष्ट्रातील भावनगर या संस्थानी नगरात सापडतो. तेथे १९१० साली नृसिंहप्रसाद तथा नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती ही विद्यासंस्था काढली. भगवान शंकराचे दक्षिणामूर्ती हे रूप वटवृक्षातळी बसून मौनाने ज्ञान देणाऱ्या गुरूचे आहे. शिक्षकाने थोडे बोलावे व विद्यार्थ्याने आपल्या अनुभवाने शिकावे, ही शिक्षणदृष्टी पुढे ज्या संस्थेत विकसित झाली तिला हे नाव लाभावे, हा योग मनोज्ञ म्हटला पाहिजे. वकिली करणारे गिजुभाई बधेका हे १९१६ साली या संस्थेत आले. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणपद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. परंतु ती जशीच्या तशी न उचलता गोष्टी, गाणी, खेळ व येथील जीवनक्रम यांची तिला जोड देऊन त्यांनी ती आपलीशी केली. मुलांवरील त्यांच्या वात्सल्यामुळे गुजराती जनता त्यांस 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, असे कौतुकाने म्हणत असे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेतल्यावर काही काळाने ताराबाई राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. मानाची व निर्वेध नोकरी होती. परंतु गिजुभाईंचे बालमंदिर पाहून त्यांनी ती सोडली व भावनगरची वाट धरली. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी गुजरातीत काम केले, मराठीत शिक्षणपत्रिका चालविली आणि पुढे मुंबईस येऊन १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू केला.

१९३९ साली गिजुभाई निवर्तले. संघावर आलेला हा पहिला आघात होय. परंतु तोपर्यंत संघाचे कार्य एका नगरात, एका भाषेत किंवा एका व्यक्तीच्या भोवती कोंडलेले राहिले नव्हते. मराठी प्रदेशात त्याची स्वतंत्र शाखा रुजली होती व तिला सांभाळणारी व्यक्ती सिद्ध होती. मूळ वृक्ष डळमळला तरी पारंबीने आधीच भूमी धरलेली असावी, तसे हे झाले.

बोर्डीचा किनारा

येथवरचे कार्य मुख्यतः नगरांतील व सुस्थितीतील घरांच्या मुलांसाठी होते. बालशिक्षण म्हणजे खर्चाचे, श्रीमंतांच्या हौसेचे काम, असा समज सर्वत्र रूढ होता व महागड्या साधनांमुळे तो पुष्कळ अंशी खराही होता. खेड्यातील दरिद्री मुलास हे शिक्षण कसे मिळावे, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करीत होता. महात्माजींच्या नयी तालीमचा विचारही त्याच सुमारास, १९४५ च्या सेवाग्राम येथील परिषदेत, शाळापूर्व वयाच्या मुलांपर्यंत विस्तारला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा इतर लोक निवृत्तीचा विचार करू लागतात तेव्हा, ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. १९४५ च्या डिसेंबरात तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

त्या काळी या प्रदेशाची स्थिती काय होती, हे लक्षात घेतल्यावाचून या निर्णयाचे मोल कळणार नाही. किनाऱ्यावर वाड्या, बागाईत व सधन वस्ती. आणि आत डोंगरात, विखुरलेल्या पाड्यांवर वारली समाज. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सबंध आयुष्य धन्याच्या घरी राबणारे 'लग्नगडी' आणि विनामोबदला करावी लागणारी वेठ, ही तेथील नित्याची गोष्ट होती. १९४५ सालच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेची परिषद भरली व गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीस नकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, त्याच परिसरात, ताराबाईंनी लहान मुलांची शाळा उघडली. त्यांचा मार्ग चळवळीचा नव्हता. परंतु ज्यांच्या दारी त्या गेल्या ते लोक कोणत्या ओझ्याखाली वाकले होते, हे त्यांच्या दृष्टीआड राहणे शक्य नव्हते.

या कामी त्यांना सहकारी म्हणून मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी विवाह व सहा महिन्यांच्या आत वैधव्य, असे दुर्दैव त्यांच्या वाट्यास आले. घरच्यांच्या पाठिंब्याने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या व पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन करू लागल्या. कस्तुरबा स्मारक निधीच्या ग्रामसेविका-शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते.

शाळाच पाड्यावर गेली

बोर्डीची बालवाडी सुरू झाली, परंतु तिचा लाभ ज्यांना व्हावा अशी इच्छा होती ती मुले येईनात. हरिजन वस्तीतील व पाड्यांवरील मुलांना गावातील शाळेची भीती वाटे. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे. अशा मुलाने शाळेत यावे तरी कसे? मुले येत नाहीत म्हणून त्यांच्या आईबापांस दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील एखाद्या घराचे अंगण किंवा झाडाची सावली एवढीच जागा घ्यावयाची, शिक्षिकेने साहित्याची पिशवी घेऊन तेथे जावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, त्यांचे हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे आणि मग गाणे, गोष्ट व खेळ यांस आरंभ करावयाचा, असा हा क्रम होता. अंगणात भरते म्हणून तिचे नाव 'अंगणवाडी'. आज देशभर सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द या प्रयोगातून आला आहे.

साधनांच्या बाबतीतही त्यांनी असाच विचार केला. परदेशी पद्धतीची लाकडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती, बांबूच्या कांड्या ही सामग्री आली. मोजणे, लावणे, लहानमोठे ओळखणे, रंग व स्पर्श यांतील भेद जाणणे, हे सर्व त्यांतून साधते. आणि ती साधने मोडली किंवा हरवली तरी त्याच रानातून पुन्हा मिळतात. मुलांच्या घरची गाणी व नाच यांनाही बालवाडीत मानाचे स्थान मिळाले.

१९५७ च्या सुमारास केंद्राचे मुख्य ठाणे बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवताली वारल्यांचे पाडे होते, यास्तव आता कार्य ऐन गरजेच्या ठिकाणी येऊन पोहोचले. तेथे 'विकासवाडी'चा प्रयोग झाला. तान्ह्या मुलांचे पाळणाघर, त्यापुढील वयाच्या मुलांची बालवाडी व मोठ्यांची प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. याचे कारण अगदी व्यवहारी होते. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्या भावंडास पाळणाघरात ठेवून घेतले की बहिणीचे हात मोकळे होतात. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरत असतील तेथे शिक्षकाने जावे व त्यांस शिकवावे, अशी ती योजना होती. दिवसभर कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. मुलाच्या आयुष्यातील एकेक अडचण शोधावयाची आणि शाळेचे रूप तिच्याप्रमाणे पालटावयाचे, हेच या सर्वांमागील सूत्र होय.

अठ्ठावीस वर्षांची तयारी

ताराबाईंना १९६२ साली भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा केंद्र सुरू होऊन अठ्ठावीस वर्षे होत आली होती आणि ही सारी वर्षे अनुताईंनी त्याच कामात घालविली होती. संस्थापकाच्या पश्चात् संस्था कशी टिकते, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे सापडते. उत्तराधिकारी हा निधनानंतर शोधावयाचा नसतो. तो हयातीतच घडावा लागतो. आणि तोही सभासंमेलनांच्या व्यासपीठावर घडत नाही. पाड्यावरील मुलांची नखे कापताना, पावसाळ्यात चिखल तुडवून अंगणवाडीस जाताना, शिक्षिका आजारी पडली म्हणून तिचा वर्ग घेताना तो घडतो. अनुताईंना कार्याची दिशा कोणी समजावून द्यावी लागली नाही, कारण त्या दिशेने त्या स्वतःच चालत आल्या होत्या.

दुसरे असे की, या कार्याची पद्धत ताराबाईंच्या अंगभूत गुणांत अडकून पडलेली नव्हती. ती इतरांस शिकविता येण्यासारखी होती. बालशिक्षिका तयार करण्याचे वर्ग केंद्राच्या कार्याचे एक मुख्य अंग होते. ज्या शिक्षिका तेथे शिकल्या त्यांच्या हाती शिंपले, बिया व गाणी यांची सामग्री होती आणि दिवसाचा क्रम ठरलेला होता. शिक्षणपत्रिकेतून अनुभवांची देवघेव चालत असे. अशा रीतीने जे ज्ञान एका व्यक्तीच्या ठायी असते ते लेखात, वर्गात व अनेकांच्या हातांत उतरले. शास्त्राच्या अध्यापनात ज्यास पाठ व परंपरा म्हणतात, त्याचेच हे लौकिक रूप होय. गुरू गेला तरी पाठ राहतो, तो शिष्याने मुखोद्गत केलेला असेल तर.

तिसरी गोष्ट खर्चाची. संस्थापकाच्या निधनाबरोबर त्याच्या नावावर येणारा पैसा आटतो व कार्याचा विस्तार त्या पैशावर बेतलेला असेल तर संस्था खचते. अंगणवाडीस इमारत लागत नव्हती आणि साधने विकत आणावी लागत नव्हती. शिक्षिकांचे वेतन व मुलांचा खाऊ यांची चिंता होतीच. तथापि अनुदान उशिरा आले म्हणून झाडाची सावली कोणी काढून घेत नाही. ताराबाईंनी साधेपणा पत्करला तो गरिबांच्या सोयीसाठी. त्याच साधेपणाने पुढे संस्थेसही तगविले.

१९७३ नंतर

ताराबाईंच्या निधनसमयी अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. संस्थापक वृद्धापकाळी जावा आणि त्याचा उत्तराधिकारीही तोवर वार्धक्याच्या उंबरठ्यावर आलेला असावा, हा प्रसंग पुष्कळ संस्थांत येतो व तेथेच पुष्कळ संस्था थांबतात. अनुताईंनी त्यानंतर आणखी एकोणीस वर्षे काम केले. पन्नाशी ओलांडल्यावर ज्यांनी परीक्षेस बसून बी. ए.ची पदवी मिळविली, त्यांना वयाची सबब कधी आडवी आली नाही, यात नवल नाही.

त्यांनी काय राखले व काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे. बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर व शिक्षिकांचे प्रशिक्षण हे कार्याचे मर्म त्यांनी राखले. शिक्षणपत्रिकेचे कामही त्यांनी पुढे चालविले. परंतु मुलाचे कल्याण त्याच्या आईच्या स्थितीपासून वेगळे काढता येत नाही, हे दीर्घ अनुभवाने त्यांना पटलेले होते. दारू, मारहाण, अज्ञान व पिळवणूक यांच्या कचाट्यात सापडलेल्या स्त्रीचे मूल बालवाडीत तीन तास हसले, तरी उरलेल्या वेळी ते त्याच घरात असते. म्हणून अनुताईंनी स्त्रियांच्या जागृतीचे काम हाती घेतले व 'सावित्री' हे मासिक चालविले. ताराबाईंच्या हयातीत कार्याचा हा भाग एवढा ठळक नव्हता. म्हणजे अनुताईंनी गुरूच्या पावलांवर पाऊल ठेवले, परंतु जेथे ती पावले संपली तेथे त्या थांबल्या नाहीत. परंपरा जिवंत असल्याचे हेच लक्षण मानावे. शिष्याने गुरूचे शब्द तेवढे जपले तर त्याच्या हाती पोथी राहते. गुरूची दृष्टी जपली तर पोथीत नसलेला प्रश्नही त्यास सोडविता येतो.

त्यांनी विपुल लेखन केले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तकाने महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय वाचकास वारल्यांच्या पाड्याची ओळख करून दिली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि स्वतःच्या पश्चात् काय, या प्रश्नाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था स्थापिली. डहाणू तालुक्यातील ऐने या गावी तिची शाळा उभी राहिली व बालशिक्षणाचे प्रयोग तेथे नव्या पिढीच्या हाती गेले. जुन्या संस्थेतील वडीलधाऱ्या व्यक्तीने वयाच्या बहात्तराव्या वर्षी नवीन संस्थेस हात द्यावा, ही गोष्ट साधी नाही. पुष्कळांना आपल्या वृक्षाच्या शेजारी दुसरे रोप उगवलेले खपत नाही.

नाव पसरले, पद्धतीचे काय?

या इतिहासाची एक बाजू मात्र खेदाची आहे व ती सांगितल्यावाचून हे वृत्त पुरे होणार नाही. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ती ३३ प्रकल्पक्षेत्रांत होती. तिच्या गावोगावच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. आज देशात अशी १३ लक्षांहून अधिक केंद्रे आहेत. हरिजन वस्तीतील एका अंगणात जन्मलेला शब्द देशभर जावा, याहून मोठे यश एखाद्या लहान संस्थेस कोणते मिळावयाचे?

परंतु शब्दाबरोबर त्यातील सर्व आशय गेला, असे म्हणता येत नाही. या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरजूंना दवाखान्याकडे पाठविणे, मातांना आहार व आरोग्य यांचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकत्र केलेल्या आहेत. उपाशी मुलास प्रथम अन्न हवे, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही व या योजनेने लक्षावधी मुलांच्या मुखी घास घातला, हे तिचे श्रेय आहे. तथापि या सहांपैकी जी सेवा कोसबाडचा प्राण होती, ती म्हणजे बालशिक्षण, ती अनेक ठिकाणी मागे पडली. सेविकेच्या माथी आहारवाटप, वजने व नोंदवह्या यांचा भार पडला. गाणे, गोष्ट, शिंपले व बिया यांस वेळ उरला नाही. तिला मिळणारा मोबदलाही वेतन न म्हणता 'मानधन' म्हटला गेला आणि तो तिच्या श्रमांच्या मानाने तुटपुंजाच राहिला. यात एकट्या सेविकेस दोष देता येणार नाही. ज्या मोठ्या योजनेत एका कार्यकर्तीवर सहा कामे सोपविली जातात, तेथे जे मोजता येते तेच आधी होते. किलोग्रॅम मोजता येतात. मुलाच्या मनातून गेलेली भीती कोणत्या रकान्यात लिहावयाची?

यावरून एक बोध घेता येतो. संस्थेच्या पश्चातापेक्षाही तिच्या यशाच्या काळात तिचे तत्त्व हरवण्याचा संभव अधिक असतो. कार्य लहान असते तोवर ते डोळ्यांसमोर राहते. ते सर्वत्र पसरले की नाव पुढे धावते व मर्म मागे राहते. अशा वेळी मूळ ठिकाणी, लहान प्रमाणावर का होईना, ते मर्म कोणी तरी जिवंत ठेवावे लागते. म्हणजे ज्यांना पुन्हा शिकावयाचे असेल त्यांना येऊन पाहण्यासारखे काही तरी उरते. १९७५ नंतरही कोसबाडचे काम चालूच राहिले, याचे महत्त्व या दृष्टीने विशेष आहे. सरकारने नाव उचलले, आता आपले काम संपले, असे म्हणून अनुताईंनी ते मिटविले नाही.

शेवटची कसोटी

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई वाघ यांचे निधन झाले. बोर्डीस आल्यापासून सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या एकाच कार्यास दिली होती. भावनगरपासून हिशेब केला तर गिजुभाई, ताराबाई व अनुताई अशा तीन पिढ्या एका सूत्रात गुंफलेल्या दिसतात. त्या एका कुळातील नव्हत्या, एका जातीच्या बंधनाने बांधलेल्या नव्हत्या. पहिल्याची मातृभाषा गुजराती व पुढील दोघींची मराठी. ज्या भूभागात हे कार्य रुजले तो तर भाषेच्या सीमेवरचाच. १९६० साली राज्यांची फाळणी झाली तेव्हा शेजारचा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला व डहाणू महाराष्ट्रात राहिला. सीमेवर वाढलेल्या मराठी माणसास हे सांगावयास नको की, अशा ठिकाणी कार्याचा वारसा भाषेच्या कुंपणाने अडत नाही. भावनगरी गुजरातीत बोलला गेलेला विचार मराठीत आला व मराठीतून वारली बोलीत उतरला. दोनदा भाषा पालटूनही तो तोच राहिला.

अनुताईंच्या मागेही कोसबाडचे कार्य थांबले नाही. ग्राममंगलनेही आपली वाट चालू ठेवली. पूर्वीची ती तेजस्वी व्यक्तिमत्त्वे आता नाहीत, हे खरे. परंतु तेवढ्यावरून संस्थेचा काळ संपला असे मानणे म्हणजे दिवा लावणारा हातच प्रकाश देत होता असे समजण्यासारखे आहे.

लहान सेवासंस्थांची चिंता वाहणाऱ्या कोणासही या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. संस्थापकाने हयातीतच आपले कार्य आपल्यापासून वेगळे करावे. म्हणजे ते इतरांस शिकवावे, लिहून ठेवावे व आपल्या अनुपस्थितीत चालेल इतके साधे करावे. उत्तराधिकाऱ्याने संस्थापकाची मूर्ती न करता त्याचे काम करावे व गरज पडेल तेथे त्यात भर घालावी. आणि भोवतालच्या समाजाने, ज्याच्या देणगीवर व सदिच्छेवर अशा संस्था जगतात त्याने, आपला ओघ संस्थापकाच्या चितेबरोबर थांबवू नये. पुष्कळदा असे होते की, महापुरुष हयात असता त्याच्या दर्शनास गर्दी करणारे लोक तो गेल्यावर त्याच्या कार्याकडे फिरकतही नाहीत. त्यांची भक्ती व्यक्तीवर होती, कार्यावर नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

एखाद्या संस्थेचे वय तिच्या वर्धापनदिनांवरून मोजण्याची रीत आहे. परंतु तिचे आयुष्य ओळखण्याची खूण वेगळी आहे. संस्थापकाचे नाव ज्याने कधी ऐकले नाही असे एखादे मूल सकाळी पाड्यावरून निघते, अंगणात येऊन बसते, कोणी तरी त्याचे हातपाय धुते व त्याच्या पुढ्यात मूठभर शिंपले ठेवते. हे जोवर घडते तोवर संस्था जिवंत आहे. त्या मुलास ताराबाई कोण, अनुताई कोण, हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याला ते ठाऊक नसूनही त्याच्यापर्यंत काम पोहोचावे, यासाठीच तर त्या दोघींनी आपली आयुष्ये वेचली.